ताउवूचा पट्टा

माझ्या पिशवीतला पाव सेतोकीनं काढून खाल्ला, तेव्हा आमच्या सामन्याला दहा मिनिटं राहिली होती.

"ए हावरटा, माझा नाश्ता आहे तो," मी म्हणालो.

"होता," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "थोड्या वेळात तू माझ्या हातून मरणारच आहेस. मेलेल्या माणसाला पाव कशाला लागतो?"

"तुझ्या हातून? तुला स्वतःची चड्डी तरी धड बांधता येते का रे?"

"नाही ना येत. म्हणूनच आज तुझा काळा पट्टा नेणार आहे मी. डुक्कर बांधायची दोरी तुटलीय घरची."

आजूबाजूला बसलेले पोट धरून हसले. पंचांच्या टेबलामागे बसलेल्या बाईसुद्धा हसल्या. मीही हसलो. माझा पाव गेला होता, आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, तरी हसलो. दुसरं काही करता आलंच नसतं.

आमचं बेट आणि नदीच्या वरच्या अंगाला असलेलं त्यांचं नाइतोलो गाव, दोन्हींचा मूळ देव एक. म्हणून आम्ही एकमेकांचे ताउवू. ताउवूला शिव्या घालायच्या, त्याच्या ताटातलं उचलायचं, त्याच्या अंगावरचा शर्ट ओढून न्यायचा, त्याच्या दारातलं डुक्कर भाजून त्यालाच जेवायला बोलवायचं. आणि त्यानं तोंडातून ब्र काढायचा नाही. रागावला, तर त्याच्याच पूर्वजांची लाज गेली. नेलेली वस्तू कुणी परत मागत नाही, आणि कुणी परत देतही नाही. परत देणं म्हणजे नातंच नको म्हणणं. लहानपणी माझ्या आजोबांची होडी नाइतोलोवाल्यांनी नेली, ती त्यांच्याकडेच कुजली. आजोबा मरेपर्यंत ती गोष्ट अभिमानानं सांगायचे.

मी पेनियासी. वय बेचाळीस. सुवा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तळघरातल्या लाँड्रीत कामाला आहे. सकाळी सहा ते दुपारी दोन चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. संध्याकाळी कराटे. बावीस वर्षं हेच. लाँड्रीत मला कुणी ओळखत नाही, पण मॅटवर उभा राहिलो की सुवात दहा माणसं तरी एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवतात, "हा बघ, हा." एवढीच माझी कमाई. लग्न झालं, मोडलं. पट्टा राहिला.

सेतोकी एकतीस वर्षांचा. बेकरीची व्हॅन चालवायचा, अंगानं सुटलेला, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. तीन वर्षं कराटे शिकत होता, म्हणजे व्हॅनच्या फेऱ्यांतून वेळ मिळाला की यायचा. त्या दिवशी त्यांच्या क्लबचा खरा खेळाडू पाय मुरगळून घरी बसला, म्हणून ऐनवेळी याचं नाव घातलं. त्याला ठोसा बऱ्यापैकी मारता यायचा. पडता मात्र यायचं नाही. कसं पडावं, हनुवटी छातीला लावून डोकं कसं वाचवावं, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. ते तास बहुधा पहाटेच्या पावांबरोबर गेले असावेत.

नाइतोलोहून चाळीसेक माणसं ट्रकनं आली होती. पहिल्याच रांगेत सेतोकीचे वडील, एरोनी. वाळलेल्या बांबूसारखा ताठ म्हातारा, आवाज मात्र ढोलासारखा.

"ए बेटावाल्या!" तो मला ओरडला. "मासे खाऊन खाऊन डोळे मोठे झालेत तुझे! माझा पोरगा नीट दिसतोय ना?"

"दिसतोय की, म्हाताऱ्या!" मी ओरडलो. "एवढा मोठा आहे, न दिसायला काय झालं?"

अख्खी व्यायामशाळा हसली. पंचांनी हात वर केला आणि सामना सुरू झाला.

पहिल्या चाळीस सेकंदांत माझे सात गुण झाले. डोक्याला हलकेच पाय लावला त्याचे तीन, पोटावर लाथ दोन, दोन ठोशांचे दोन. यात बढाईचं काही नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यालाही कळलं असतं की हा सामनाच नाही. आठ गुणांचा फरक पडला की पंच सामना थांबवतात. आठवा गुण माझ्या हातात होता. एक साधा ठोसा मारायचा, वाकून नमस्कार करायचा, बाहेर यायचं.

तेवढ्यात एरोनी ओरडला, "अरे, एवढ्यात संपवू नकोस! आमचा ट्रक चार वाजता येणार आहे! तोवर आम्ही करायचं काय?"

लोक पाय आपटून हसायला लागले. आणि मी तो ठोसा मारला नाही.

खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. आमच्या खेळात लोक टाळ्या वाजवतात, पण हसत नाहीत. बावीस वर्षांत कुणी माझ्यामुळे हसलं नव्हतं. मी सेतोकीच्या भोवती फिरायला लागलो. तो ठोसा मारायला आला की बाजूला व्हायचो आणि त्याच्या पार्श्वभागावर हळूच चापट मारायचो. पंच ओरडायचे, मी माफी मागायचो, लोक आणखी हसायचे. सेतोकीही काही कमी नव्हता. दातांवरच्या रबरी पट्टीआडून जीभ काढायचा, मध्येच सलाम ठोकायचा. मग मी त्याचा पुढचा पाय माझ्या पायानं झाडला. नुसता पाय झाडला तर गुण नसतो, वरून ठोसा मारावा लागतो. तो धपकन मॅटवर बसला, पाय पसरून, लहान मूल बसतं तसा. बायका किंचाळून हसल्या.

दुसऱ्या वेळी झाडला तेव्हाही तो बसलाच.

तिसऱ्या वेळी तो उडी मारून आत येत होता. दोन्ही पाय एका रेषेत, सगळा भार पुढच्या पायावर. मी झाडला. तो बसला नाही, मागे गेला. मॅटवर त्याची पाठ टेकायच्या आधी डोकं टेकलं. ओला नारळ मातीत पडावा तसा आवाज आला. मोठा नव्हता. हसण्याच्या गलक्यात मला आणि पंचांनाच तो ऐकू आला असेल, कदाचित पंचांनाही नाही.

सेतोकी उठला. पंचांनी विचारलं, "ठीक आहेस?" त्यानं अंगठा वर केला. मग तो वळला आणि चुकीच्या कोपऱ्याकडे चालायला लागला. टेबलावरच्या बाईंना त्यानं वाकून नमस्कार केला. गुडघ्यातून लटपटला, सावरला, पुन्हा लटपटला.

सगळी व्यायामशाळा हसून लोळायची बाकी राहिली. "दारू प्यायला रे!" एरोनी ओरडत होता. "पाव खाऊन चढली त्याला! बेटावाल्याच्या पावात काय होतं रे?" पंचही तोंडावर हात ठेवून हसले. सेतोकी विदूषकच होता. सामना सुरू झाल्यापासून तो हेच करत आला होता.

पण मला कळलं होतं.

माणूस सोंग करतो तेव्हा खांद्यांतून डुलतो. खरं लागलेलं असतं तेव्हा गुडघे आधी जातात, आणि खांदे जिथल्या तिथे राहतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. सेतोकीचे खांदे हलत नव्हते. त्याचा डावा पाय मॅटवर घासत येत होता. तो माझ्यासमोर आला तेव्हा हसत होता, पण माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या कानामागे कुठंतरी पाहत होता. मी हात वर करून म्हणायला हवं होतं, डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर वीस पावलांवर बसले होते, गोणीएवढी बॅग घेऊन.

घड्याळात एक मिनिट दहा सेकंद राहिले होते. मी हात वर केला नाही. लोक हसत होते आणि ते माझ्यामुळे हसत होते, एवढंच कारण. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

ते एक मिनिट दहा सेकंद मी त्याला मॅटभर फिरवला.

घंटा झाली. सेतोकी माझ्या अंगावर आला, मला मिठी मारली आणि माझ्या कमरेचा पट्टा सोडला. त्याच्या बोटांना गाठ सापडेना, म्हणून मीच मदत केली. तो पट्टा त्यानं डोक्याला गुंडाळला. नाइतोलोवाले उड्या मारायला लागले. "डुकराला दोरी मिळाली!" एरोनी छाती बडवत ओरडला.

"नेला बघ," सेतोकी मला म्हणाला. जीभ जड झाली होती त्याची. "आता रड."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

नाइतोलोवाल्यांनी मैदानावर बसून कसाव्याचे कंद आणि मासे खाल्ले. सेतोकी एका बाजूला झोपला. चारला ट्रक आला, तेव्हा त्याला उचलून चढवला, आणि वाटेतही सगळे त्याला चिडवतच होते. पुलापाशी तो ओकला आणि उठेना, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. ट्रक वळवून हॉस्पिटलात आणेपर्यंत पडल्याला चार तास होऊन गेले होते. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी डोकं उघडलं. लगेच आला असता तर, असं म्हणून ते हात धुवायला गेले.

एकोणीस दिवस तो तिसऱ्या मजल्यावर होता आणि मी तळघरात. चादरी खाली यायच्या त्या सगळ्या सारख्याच, कुठली कुणाची ते कळायचं नाही. म्हणून मी सगळ्याच नीट धुवायचो. डाग राहिला तर दुसऱ्यांदा टाकायचो. इस्त्रीवर रामरती असायची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, तिचा जबडा कधी स्वस्थ बसायचा नाही. तीही त्या दिवसांत डाग राहिलेली चादर काही न विचारता माझ्याकडे परत द्यायची.

रोज दोन वाजता मी वर जायचो. सेतोकीची आई उनाइसी खाटेशेजारी बसून पंख्यानं वारा घालत असायची. माझा पट्टा तिनं खाटेच्या दांडीला बांधून ठेवला होता.

"आलास, चोरा?" ती पहिल्या दिवशी म्हणाली. डोळे सुजलेले होते, तरी म्हणाली. "पट्टा सोडवायला आलास ना? हात लाव, बोटं तोडीन."

"नको मला तुमची डुकराची दोरी," मी म्हणालो. माझा आवाज फाटला. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सरकून मला चटईवर जागा दिली.

विसाव्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरची एक खाट मोकळी झाली. चादर खाली आली. ती कुणाची होती ते त्या दिवशी मला कळलं.

मातीनंतर चौथ्या दिवशी आम्ही माफी मागायला गेलो. आमच्यात हे करावंच लागतं. हातून माणूस गेला, तर त्याच्या घरी ताम्बुआ, म्हणजे देवमाशाचा दात घेऊन जायचं, जमिनीवर बसायचं आणि त्यांनी उचलेपर्यंत मान वर करायची नाही. माझे मामा वाइसाके बेटावरून आले. बोलणं त्यांनी करायचं होतं. मला फक्त मान खाली घालायची होती.

नाइतोलोला रस्ता नदीच्या अलीकडेच संपतो. पलीकडे कितिओनेची होडी नेते. कितिओने पन्नाशीचा, एरोनीचा चुलतभाऊ. आम्ही बेटावाले दिसलो की तो होडी मध्यावर नेऊन डोलवायचा आणि वल्ह्यानं पाणी उडवून भिजवून काढायचा. "समुद्रवाले ना तुम्ही? गोडं पाणी प्या जरा!" असं दर वेळी. त्या दिवशी तो काही करणार नाही असं मला वाटलं होतं. काळा शर्ट घालून गप्प वल्हवत होता. मध्यावर आल्यावर तो म्हणाला, "पेनियासी, पोहता येतं ना?" आणि होडी अशी डोलवली की मामांच्या मांडीवरची ताम्बुआची पेटी मी दोन्ही हातांनी धरली. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. मामा ओलेचिंब होऊन शिव्या घालत होते, कितिओने शिव्या घालत होता आणि दोघंही रडत होते.

एरोनीनं ताम्बुआ उचलला. तो जड दात दोन्ही हातांत तोलला. मग म्हणाला, "खेळ होता. खेळात पडला. देवानं बोलावला. आमच्या मनात काही नाही."

घरातल्या सगळ्यांनी रीतीप्रमाणे तळवे वाटीसारखे करून खोल आवाजाच्या टाळ्या वाजवल्या. संपलं. माफी झाली. आणि संपता क्षणी उनाइसी आणि तिच्या दोन जावा माझ्या अंगावर आल्या. "एवढा चांगला शर्ट घालून आलाय, लाज नाही वाटत? काढ!" बटणं तुटली. माझा शर्ट गेला, मामांचं घड्याळ गेलं. भिंतीवर सेतोकीचा फोटो होता आणि फोटोला माझा पट्टा गुंडाळला होता. उघड्या अंगानं मी तिथं बसलो आणि यांगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाची, वाटी प्यायलो. मला वाटलं, वाचलो.

निघताना एरोनी मला बाजूला घेऊन गेला. फणसासारख्या झाडाखाली, त्याला आम्ही उतो म्हणतो, तिथं उभा राहिला. त्याचा ढोलासारखा आवाज गेला होता.

"मीच ओरडलो रे," तो म्हणाला.

"काय?"

"संपवू नकोस म्हणून. तू संपवणार होतास. मी पाहिलं, तुझा हात उठला होता. मी नसतो ओरडलो तर पहिल्याच मिनिटाला तो बाहेर आला असता. जेवला असता, घरी आला असता." त्यानं झाडाच्या खोडावर हात ठेवला. "उनाइसीला नाही सांगितलं. पण रोज तेच ऐकू येतं. माझाच आवाज."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तासाभरापूर्वी माझी माफी झाली होती, अंगावर शर्ट नव्हता आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेत होतो. मी म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नकोस, म्हाताऱ्या." आणि होडीत येऊन बसलो. कितिओनेनं परत भिजवलं.

त्यानंतर क्लबात गेलो, पण पट्ट्याशिवाय. लोक म्हणायचे, नवा घे की. मी म्हणायचो, घेईन. घेतला नाही. झोपलो की म्हातारा दिसायचा, खोडावर हात ठेवून उभा.

रामरतीला मी एक दिवस सगळं सांगितलं. चादरीच्या घड्या घालत होतो, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"मग आता काय करणार तू?" ती म्हणाली.

"म्हाताऱ्याला सांगणार. शंभराव्या दिवशी जाणार आहे, सुतकाचे काळे कपडे उतरवायला बोलावलंय."

"सांगून काय होणार? पोरगा उठून येणार?"

"म्हातारा स्वतःला खातोय."

"खाऊ दे. महिना-दोन महिने खाईल, मग विसरेल. तू सांगितलंस की तुला खाईल. आयुष्यभर." तिनं टोक माझ्या हातात दिलं. "तुमची ती शिवीगाळ, ती कपड्यांची ओढाओढ, तुला तेवढंच तर आहे रे बाबा या जगात. बाकी कोण आहे तुला?"

ती खोटं बोलत नव्हती. म्हणून मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

शंभराव्या दिवशी मी नवा शर्ट घेतला. निळा, पांढऱ्या फुलांचा, बाजारातला सगळ्यांत चांगला. दुकानदारानं विचारलं, "लग्न आहे का?" मी म्हणालो, "जे काढून घेतील त्यांना आवडला पाहिजे." आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यानं वर एक साबण फुकट टाकला.

होडीत कितिओनेनं माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि गंभीर तोंड केलं. "हा मी नाही भिजवणार. ओला झाला तर उनाइसी घेणार नाही." मग चुळकाभर पाणी नेमकं माझ्या कानात घातलं.

दुपारी जेवणाआधी एरोनी थडग्यावर गेला, कडेचे दगड नीट लावायला. मी मागोमाग गेलो. थडग्यावर फुलांचं कापड अंथरलेलं होतं, नवंकोरं, उन्हानं अजून विटलेलं नव्हतं. मी खाली बसलो. एक दगड उचलून त्याच्या हातात दिला.

"एरोनीकाका," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. मी त्याला आजवर कधी काका म्हटलं नव्हतं.

"तुमच्या ओरडण्यानं नाही झालं. तो तिसऱ्यांदा पडला, डोकं आपटलं, तेव्हा मला कळलं होतं. सगळ्यांना वाटलं नाटक करतोय. मला माहीत होतं नाटक नाही. त्याचा पाय घासत होता. डॉक्टर तिथंच होते. मी हात वर केला असता तर सामना थांबला असता. मी केला नाही. मी खेळत राहिलो."

तो दगड हातात धरून बसला. पलीकडे बायका कंद सोलत होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"किती वेळ राहिला होता?" त्यानं विचारलं.

"एक मिनिट दहा सेकंद."

"आणि तुला कळलं होतं."

"हो."

"नक्की? की मला बरं वाटावं म्हणून सांगतोस?"

हा रस्ता त्यानं मला स्वतःहून दिला होता. अजूनही परतता आलं असतं. मी म्हणालो, "नक्की कळलं होतं. मी ते बावीस वर्षं पाहत आलोय."

"का नाही थांबवलंस?"

"लोक हसत होते."

त्यानं दगड जागेवर ठेवला, तळव्यानं दाबून बसवला. मग दुसरा घेतला. तोही बसवला. किती तरी वेळ तो दगडच लावत राहिला, आणि मी एकेक देत राहिलो. शेवटी तो उठला, हात झटकले. त्याची पाठ मला जरा सरळ झाल्यासारखी वाटली. उगाच वाटलं असेल.

"सांगितलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. "चला, जेवायला."

घरात त्यानं मला वरच्या बाजूला बसवलं, नव्या चटईवर, जिथं सरकारी माणूस किंवा पाद्री आला तर बसवतात. आजवर मी या घरात दारापाशी बसलो होतो आणि तिथून येता-जाता लाथा खाल्ल्या होत्या. पहिलं ताट मला आलं. मोठा मासा, नारळाच्या दुधातली अळूची पानं, अळूचे कंद. एरोनी समोर बसून राहिला, स्वतः जेवला नाही. मी जेवेपर्यंत माश्या वारत होता. मी मुद्दाम म्हणालो, "मासा खारट झालाय, नाइतोलोवाल्यांना मासा कुठून यायचा." खोलीतल्या एकदोघांनी तोंड उघडलं. एरोनीकडे पाहून मिटलं.

"दुसरा आणायला सांगू का?" एरोनीनं विचारलं.

"नको, नको," मी म्हणालो. "चांगला आहे."

काळे कपडे उतरवून झाले. उनाइसीनं फुलांचा झगा घातला. शंभर दिवसांनी तिच्या अंगावर रंग आला होता. ती लगबगीनं माझ्याकडे आली आणि माझी कॉलर चिमटीत धरली. "अगबाई, काय शर्ट आहे! कुणाचा चोरलास? काढ बघू, माझ्या भावाला होईल." तिचा हात पहिल्या बटणावर आला. मी दोन्ही हात वर केले, तिला सोपं जावं म्हणून. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"उनाइसी," एरोनी म्हणाला. "राहू दे. पाहुणे आहेत ते."

तिचा हात बटणावरच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काही ठाऊक नव्हतं. पण तिनं कॉलर सोडली आणि चुरगळलेली जागा हातानं सारखी करून दिली.

एरोनी भिंतीपाशी गेला. फोटोभोवतीचा पट्टा त्यानं सोडला. घाई नव्हती, ओढाताण नव्हती, एकेक वेढा काढला. घडी घातली. माझ्यासमोर मांडी घालून बसला, दोन्ही हातांनी पट्टा पुढे केला आणि मी घेतल्यावर रीतीप्रमाणे तीनदा टाळी वाजवली. खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी "अरे, हे काय?" म्हणाली आणि तिला कुणीतरी गप्प केलं.

मला त्याच्या पायावर पडायचं होतं. शिव्या घाल म्हणायचं होतं. पण पाहुण्यानं असं करायचं नसतं. मीही तीनदा टाळी वाजवली, आभार मानले आणि उठलो.

एरोनी नदीपर्यंत पोचवायला आला. वाटेत त्यानं बसची वेळ विचारली. काठावर उभा राहून म्हणाला, "सावकाश जा."

कितिओने वल्हं खांद्यावर घेऊन उभा होता. मला पाहताच त्याचं तोंड हसायला लागलं, शिवी ओठांवर आलीच होती. मग त्याला माझ्या हातातला पट्टा दिसला. त्यानं काठावरच्या एरोनीकडे पाहिलं. एरोनी नदीकडे पाहत होता.

कितिओनेनं वल्हं खाली ठेवलं. शर्टाच्या टोकानं मधली फळी पुसून कोरडी केली. मग हात पुढे करून त्यानं मला धरलं आणि नीट बसवलं. होडी काठापासून हळूच ढकलली, वल्हं पाण्यात आवाज न करता घातलं. पलीकडच्या काठापर्यंत तो सरळ नेत राहिला. माझ्या निळ्या शर्टावर पाण्याचा एक थेंबही उडाला नाही.